डब्ल्यूएसजेटी-एक्स: डायल वेगळा दाखवतं, ऑफसेट वेगळा

हॅम म्हणजे हौशी रेडिओवाल्या मित्राचा “मी सात शून्य पंचाहत्तरवर (७०७५ किलोहर्ट्झवर) आहे, या,” असा निरोप आला की मी आधी विचारतो, “डायल पंचाहत्तर की सिग्नल पंचाहत्तर?” काही जणांना हे खुसपट वाटतं. माझ्या मते डिजिटल मोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या मदतीने रेडिओवर संदेश पाठवताना, सगळ्यात आधी विचारायचं ते हेच. एसएसबीवर, म्हणजे आवाजाच्या नेहमीच्या पद्धतीत, बोलताना अडत नाही. डायल फिरवता फिरवता समोरचा आवाज माणसासारखा झाला की आपण जागेवर आलो. डिजिटलमध्ये संगणक एक स्वर तयार करतो, तो रिगमध्ये म्हणजे रेडिओसंचात जातो, आणि अपर साइडबँडवर (डायलच्या वरच्या बाजूला) हवेत निघणारी फ्रिक्वेन्सी म्हणजे डायलचा आकडा अधिक त्या स्वराचे हर्ट्झ, म्हणजेच ऑफसेट. डायल ७०७४ किलोहर्ट्झ आणि स्वर १२५० हर्ट्झ असेल, तर सिग्नल ७०७५.२५ किलोहर्ट्झवर निघतो. यातला एकच आकडा कळवला, आणि तो कुठला हेही सांगितलं नाही, तर ऐकणारा शोधत बसतो.

डब्ल्यूएसजेटी-एक्स हे सॉफ्टवेअर मी याच कसोटीवर तपासलं. त्याच्या डीकोडिंगचं, म्हणजे सिग्नलमधला संदेश उलगडण्याचं, कौतुक जगभर झालेलं आहे आणि ते खरं आहे. कानाला काहीच ऐकू येत नसताना ते समोरच्याचं कॉलसाइन (परवानाधारकाचं ओळखचिन्ह) काढून दाखवतं. रावेर तालुक्यात, केळीच्या मळ्यातल्या खोलीत बसून दहा वॅटच्या किटच्या रिगवर आणि साध्या डायपोल अँटेनावर मी ते वापरतो. शेतीच्या फीडरला वीज आली की आजूबाजूचे पंप सुरू होतात आणि चाळीस मीटरच्या (सात मेगाहर्ट्झच्या) बँडवर नॉइज चढतो. तशातही एफटी८ (छोट्या निरोपांचा डिजिटल मोड) चालतं. पण मला त्याचं मोल वाटतं ते फ्रिक्वेन्सी मांडण्याच्या पद्धतीमुळे.

मुख्य खिडकीत मोठ्या आकड्यांत डायल मेगाहर्ट्झमध्ये दिसतो: १४.०७४ ०००. तो फक्त डायल. वॉटरफॉलवर, म्हणजे सिग्नल दाखवणाऱ्या सरकत्या चित्रावर, हर्ट्झची पट्टी असते, तिच्यावर आपण ऐकतो तिथे हिरवी खूण आणि आपण पाठवतो तिथे लाल खूण. त्या खुणांचे आकडे खाली वेगळ्या चौकटींत येतात. कुठेही दोन्हींची सरमिसळ नाही. सॉफ्टवेअर जी ऑल डॉट टीएक्सटी फाइल लिहीत जातं तिच्यातही प्रत्येक ओळीत आधी तारीख-वेळ, मग १४.०७४, मग मोड, सिग्नलचे डीबी, वेळेतला फरक आणि त्यानंतर ऑफसेट. वर्षानंतर ती ओळ उघडली तरी सिग्नल नेमका कुठे होता हे बेरीज करून सांगता येतं. वहीत नुसतं ‘२० मीटर, एफटी८’ लिहिणाऱ्यांनी ही फाइल एकदा उघडून पाहावी.

हे का सांगतोय, ते आमच्याकडे घडलेल्या एका गोष्टीवरून कळेल. फैजपूरच्या कॉलेजातला एक मुलगा नवा परवानाधारक आहे. त्याने ऑनलाइन एक साउंडकार्ड इंटरफेस, म्हणजे संगणक रिगला जोडणारी डबी, मागवला. विकणाऱ्याचं नाव घेत नाही. डबी बरी होती, सोल्डरिंग स्वच्छ होतं. सोबत लॅमिनेट केलेलं एक फ्रिक्वेन्सी कार्ड होतं. वीस मीटरच्या रकान्यात लिहिलेलं: एफटी८ १४.०७४, डब्ल्यूएसपीआर १४.०९७१. त्याने डब्ल्यूएसपीआरसाठी (आपला क्षीण सिग्नल कुठवर पोचतो ते पाहण्याचा मोड) डायल १४.०९७१ला लावला, अपर साइडबँड ठेवला आणि पाठवत राहिला. कोणी कोणाला ऐकलं ते दाखवणाऱ्या ऑनलाइन नकाशावर एकही नोंद आली नाही. अँटेना बदलून झाली, केबल बदलून झाली. शेवटी माझ्याकडे आला आणि म्हणाला, “काका, कार्डावर हाये तेच लावलं मी, तरी कोनीच ऐकत नाही.”

कार्डावरचा आकडा चुकीचा नव्हता. १४.०९७१ हा डब्ल्यूएसपीआरच्या पट्ट्याचा मध्य आहे, सिग्नलचा आकडा. तो पट्टा अवघा २०० हर्ट्झचा, १४.०९७० ते १४.०९७२. तिथे पोचायचं तर डायल १४.०९५६ला लावायचा आणि वर साधारण १५०० हर्ट्झचा स्वर द्यायचा. मुलाने डायलच १४.०९७१ला लावला, त्यामुळे त्याचा सिग्नल १४.०९८६वर निघत होता, जिथे कोणी कान लावून बसलेलं नाही. आणि त्याच कार्डावर एफटी८चा १४.०७४ हा मात्र डायलचा आकडा! एकाच रकान्यात एक ओळ डायलची, दुसरी सिग्नलची, आणि वर शीर्षक नुसतं ‘फ्रिक्वेन्सी’. विकणाऱ्याला फोन केला तर उत्तर आलं, “आकडे बरोबर आहेत, तपासून घ्या.” आकडे बरोबर आहेत हे मलाही मान्य होतं. ते कशाचे आकडे आहेत हे कार्ड सांगत नव्हतं, आणि एवढी साधी गोष्ट त्या माणसाला पटवता पटवता माझी संध्याकाळ गेली.

कार्डावर साइडबँडही लिहिलेला नव्हता. ही दुसरी उणीव मला पहिलीइतकीच गंभीर वाटते. चाळीस मीटरवर बोलण्यासाठी आपण लोअर साइडबँड वापरतो, हाताला ती सवय असते. एफटी८ मात्र सगळ्याच बँडवर अपर साइडबँडवर चालतं. कोणी ७.०७४वर लोअर लावून १२५० हर्ट्झचा स्वर दिला तर बेरजेऐवजी वजाबाकी होते आणि सिग्नल ७०७२.७५वर जातो, इतरांपासून अडीच किलोहर्ट्झ दूर. शिवाय स्वरांचा क्रम उलटा होतो, म्हणजे जवळच्या कोणी तो पकडला तरी डीकोड होणार नाही. आकड्याच्या पुढे साइडबँड लिहायला किती जागा लागते?

डब्ल्यूएसजेटी-एक्समध्ये मोड आणि बँड निवडला की डायल आपोआप योग्य जागी येतो. डब्ल्यूएसपीआर निवडलं की १४.०९५६, एफटी८ला १४.०७४, एफटी४ला १४.०८०. चाळीस मीटरवर ७.०३८६, ७.०७४ आणि ७.०४७५. सगळे डायलचेच आकडे, सगळे अपर साइडबँडचे. रिग केबलने जोडलेली असेल तर साइडबँडही सॉफ्टवेअरच लावतं. मुलाच्या रिगला ते लावून दिलं आणि पुढच्याच दोन मिनिटांच्या पाळीत नकाशावर त्याचं कॉलसाइन उमटलं. त्याने घरी फोन करून सांगितलं, तेव्हाचा त्याचा चेहरा पाहण्यासारखा होता.

आता स्प्लिटबद्दल (ऐकताना एक डायल, पाठवताना दुसरा), कारण इथे नवीन माणूस हमखास घाबरतो. सेटिंगमध्ये ‘फेक इट’ नावाचा पर्याय आहे. तो लावला की पाठवताना रिगचा डायल स्वतःहून सरकतो. समजा डायल १४०७४ आहे आणि आपण ७०० हर्ट्झवर पाठवतोय. सॉफ्टवेअर पाठवण्यापुरता डायल १४०७३ला नेतं आणि स्वर १७०० हर्ट्झचा करतं. बेरीज दोन्ही वेळा १४०७४.७ किलोहर्ट्झच. हे अशासाठी, की ७०० हर्ट्झच्या स्वराची दुप्पट म्हणजे १४०० हर्ट्झ रिगच्या फिल्टरमधून सहज निघते आणि दुसऱ्या कुणाच्या सिग्नलवर घाण करते. १५०० ते २००० हर्ट्झमधल्या स्वराची दुप्पट ३००० किंवा त्याच्याही वर जाते आणि फिल्टरमध्ये बरीचशी अडते. फार विचार करून केलेली सोय आहे ही. पण रिगच्या पडद्यावर १४०७३ पाहून कोणी “मी १४०७३वर आहे” असं कळवलं, तर पुन्हा घोटाळा. सॉफ्टवेअरच्या खिडकीतला डायल सांगावा, पाठवतानाचा रिगवरचा नव्हे.

हे बनवणाऱ्यांबद्दल दोन शब्द. सुरुवात जो टेलर यांनी २००१मध्ये केली. हे तेच टेलर, ज्यांना जोडताऱ्यातल्या पल्सारच्या शोधासाठी १९९३चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. स्टीव्ह फ्रँक यांच्यासोबत त्यांनी २०१७मध्ये एफटी८ आणलं. नावातली पहिली दोन अक्षरं या दोघांच्या आडनावांची. आयुष्यभर क्षीण सिग्नल मोजलेल्या माणसाने आकडे मांडले की ते असे काटेकोर असतात. आणि हे सगळं फुकट, मुक्त परवान्यावर. जुन्या लॅपटॉपवर चालतं, रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकावर चालतं.

उणिवाही सांगतो. सेटिंगमधल्या तक्त्यात डायलच्या आकड्यांवर शीर्षक नुसतं ‘फ्रिक्वेन्सी’ आहे; तिथे ‘डायल’ हा शब्द हवा होता. डायल आणि ऑफसेटची बेरीज मुख्य खिडकीत मोठ्या आकड्यांत दिसली असती तर शिकवताना फार सोपं झालं असतं. ती बेरीज पीएसके रिपोर्टर या वेबसाइटच्या नकाशावर मात्र मिळते: आपला सिग्नल कोणी ऐकला की तिथे थेट हवेतली फ्रिक्वेन्सी येते. नवशिक्याला मी डायल, ऑफसेट आणि नकाशावरचा आकडा शेजारी शेजारी लिहायला लावतो. एकदा ते गणित हाताने केलं की पुन्हा समजवावं लागत नाही.

उन्हाळ्याचा मुद्दा आपल्या भागासाठी वेगळा सांगायला हवा. मे महिन्यात भुसावळ-रावेरकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून वर. साध्या क्रिस्टलची (फ्रिक्वेन्सी ठरवणाऱ्या स्फटिकाची) रिग सकाळी एक आकडा दाखवते आणि दुपारी प्रत्यक्षात थोडी सरकलेली असते. चौदा मेगाहर्ट्झवर दहा लाखांत एक एवढा फरक म्हणजे १४ हर्ट्झ. एफटी८चा सिग्नल ५० हर्ट्झ रुंद, त्याला हे चालून जातं. डब्ल्यूएसपीआरचा सिग्नल जेमतेम ६ हर्ट्झचा, तिथे पाठवता पाठवता रिग सरकत राहिली तर समोरचं डीकोड हुकतं. सेटिंगमध्ये फ्रिक्वेन्सी कॅलिब्रेशनचे दोन रकाने आहेत, त्यांनी कायमचा फरक निघतो. उन्हाने होणारी सरक त्यांनी निघत नाही. त्यासाठी रिग तासभर आधी सुरू करावी आणि पंखा तिच्यावर थेट लावू नये. संगणकाचं घड्याळही सेकंदाच्या आत बरोबर हवं. गावात नेट गेलं की मी जीपीएस लावतो.

दुसरी सॉफ्टवेअरंही वापरतो. विनलिंक एक्सप्रेस या रेडिओवरून ईमेल पाठवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पट्ट्याचा मध्य आणि डायल दोन्ही शेजारी लिहून येतात, तेही साइडबँडसकट. याबाबतीत ते डब्ल्यूएसजेटी-एक्सच्याही एक पाऊल पुढे आहे. फ्लडिजीत रिग जोडली की वॉटरफॉलच्या पट्टीवर थेट हवेतली फ्रिक्वेन्सी पाहता येते, हवं तर नुसता स्वरही. पीएसके३१ या टाइप करून बोलण्याच्या मोडसाठी मला ते आवडतं. आरटीटीवायमध्ये (रेडिओ टेलिटाइपमध्ये) मात्र फ्रिक्वेन्सी सांगायची ती त्यातल्या दोन स्वरांपैकी मार्क स्वराची, अशी जुनी रीत आहे. लोअर साइडबँडवर डायल १४०८५ असेल आणि मार्क २१२५ हर्ट्झचा, तर सांगायचा आकडा १४०८२.८७५. एफटी८वरून तिकडे जाणाऱ्याने हे आधी माहीत करून घ्यावं.

बँडच्या काठावर तर हे परवान्याचं प्रकरण होतं. वीस मीटरचा बँड १४.३५० मेगाहर्ट्झला संपतो. डायल १४.३४९ आणि अपर साइडबँडवर १५०० हर्ट्झचा स्वर म्हणजे सिग्नल १४.३५०५, बँडच्या बाहेर. डायल आत होता ही सबब चालत नाही. हवेत काय गेलं तेच धरतात.

एवढ्यासाठी मी आमच्या भागातल्या प्रत्येक नव्या हॅमला डिजिटलची सुरुवात डब्ल्यूएसजेटी-एक्सने करायला सांगतो. ते अधिकृत साइटवरूनच उतरवावं आणि आधी काही दिवस नुसतं ऐकावं. निरोप पाठवायचा तो असा: “डायल ७.०७४, अपर, ऑफसेट १२५०, एफटी८.” फैजपूरच्या मुलाने आता स्वतःचं कार्ड केलं आहे, डायल, साइडबँड, ऑफसेट आणि सिग्नल असे चार रकाने असलेलं. चोपड्याच्या आणि अमळनेरच्या मंडळींनी त्याच्या प्रती मागून नेल्या आहेत.