गांधीनगर बाजार: दाल पकवान, आहेर आणि पक्कं बिल

कोल्हापुरात लग्नाची तारीख निघाली की हॉलच्या आधी एक प्रश्न विचारला जातो, ‘गांधीनगरला कधी जायचं?’ करवीर तालुक्यातलं, शहरापासून सात-आठ किलोमीटरवरचं हे गाव म्हणजे कापडाची घाऊक पेठ. कोकण, गोवा, सांगली, निपाणी, बेळगाव इथले दुकानदार इथूनच माल भरतात. हे परीक्षण अख्ख्या पेठेचं आहे, एकेका दुकानाचं नाही. घाऊक दुकानात दर आणि माल हंगामाबरोबर बदलतात, त्यामुळे दुकानाचं नाव सांगून फार उपयोग होत नाही. खरेदीची रीत मात्र सगळीकडे सारखीच आहे.

जायचं ते तावडे हॉटेल चौकातून आत. केएमटीची, म्हणजे कोल्हापूर महापालिकेची, बस आहे. मिरजेकडून येणाऱ्याला पॅसेंजर सोयीची, पण गांधीनगर नावाचं स्टेशन शोधू नका. रुकडीनंतर वळिवडे लागतं, तिथे उतरायचं. पेठ गांधीनगरची आणि स्टेशन वळिवड्याचं, असं का, ते समजलं की इथला बाजारही समजतो. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या या माळावर पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. सोव्हिएत राजवटीने हद्दपार केलेली आणि इराणमार्गे इथवर पोचलेली सुमारे पाच हजार माणसं, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. शाळा, चर्च, दवाखाना, नाटकाचा रंगमंच, सगळं त्यांनी इथे उभं केलं. मग ते निघून गेले आणि रिकाम्या झालेल्या छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं राहू लागली. तेच गांधीनगर.

पोलिश लोकांची आठवण आता कोल्हापुरातल्या दफनभूमीत आणि महावीर उद्यानातल्या स्मारकात आहे. वॉर्सॉमध्येही कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. सिंध्यांची आठवण काढायला कुठल्या स्मारकाकडे जावं लागत नाही. ते राहिले, आणि राहिलेल्या माणसाला शेजाऱ्याचं घर, सण, देणंघेणं शिकावंच लागतं. बाहेरून आलेल्यांमुळे शहर बहुरंगी होतं असं म्हणताना आपण फक्त किती जमाती आल्या ते मोजतो. गांधीनगरच्या गल्ल्यांत उभं राहिलं की वेगळाच हिशेब सुचतो: कोणी कोणाचं किती शिकून घेतलं?

सकाळी दहाच्या सुमारास पोचा आणि आधी खाऊन घ्या. दाल पकवान हा सिंधी नाश्ता सकाळचाच. दुपारी मिळालाच तर डाळ आटलेली आणि पकवान मऊ. पकवान म्हणजे मैद्यात मीठ, जिरं किंवा ओवा आणि तुपाचं मोहन घालून पातळ लाटलेली मोठी पुरी. तळण्याआधी ती काट्याने टोचतात, म्हणजे फुगत नाही. मध्यम-मंद आचेवर सावकाश तळली तर खुसखुशीत राहते; घाईने मोठ्या आचेवर काढली तर रंग छान येतो, पण पाच मिनिटांत चामड होते. पारख सोपी आहे: मोडताना आवाज आला पाहिजे आणि बोटाला तेल लागता कामा नये. आषाढ-श्रावणातल्या दमट हवेत चांगलं पकवानही लवकर सादळतं, तेव्हा कढईतून नुकतंच निघालेलं मागा.

डाळ हरभऱ्याची. भिजवून हळद-मीठ घालून अशी शिजवतात की दाणा अख्खा दिसावा, पण चिमटीत विरघळावा. वर जिरं-मिरचीची फोडणी, चिंचेची आंबटगोड आणि कोथिंबिरीची हिरवी चटणी, चिरलेला कांदा. डाळीची आमटी झाली असेल तर ती रवीने घोटलेली आहे, नाही तर कालची आहे. कोल्हापूरकरांची इथे हटकून एक चूक होते: मिसळीच्या सवयीने ते कट मागतात. कट नसतो. पकवान डाळीत चुरून भिजवूही नये. तुकडा तोडून त्यावर डाळ घ्यावी.

कोकी मिळाली तर बांधून घ्या. कणीक, कांदा, मिरची, कोथिंबीर आणि तूप यांची ही जाड भाकरीसारखी पोळी एकदा अर्धवट भाजून, पुन्हा लाटून, तुपावर दुसऱ्यांदा भाजतात. त्यामुळे ती दिवसभर टिकते, आणि खरेदीत जेवायची शुद्ध राहत नाही तेव्हा पिशवीतून काढून खाता येते. थालीपिठाची चुलत बहीण म्हणा, पण भाजणी नाही आणि तूप दुप्पट.

आता आहेर. या एका गोष्टीत गांधीनगरला तोड नाही. गादीवर बसलेला सिंधी व्यापारी तुम्हाला ‘काय दाखवू?’ असं मोघम विचारत नाही. तो विचारतो, ‘मानाच्या किती, आहेराच्या किती, ओटीचे पीस किती?’ विहीण, मामी, आत्या, करवली यांच्या साड्या एका रांगेत, गावकीच्या आहेराच्या दुसऱ्या रांगेत. टॉवेल-टोपी, उपरणी, फेटे वेगळे. धोंड्याच्या महिन्यात जावयाचा आहेर, संक्रांतीला हळदीकुंकवाचं वाण, जूनमध्ये शाळेचा गणवेश, गणपतीला तालमींचे झब्बे, या सगळ्याचं वेळापत्रक त्याच्या डोक्यात असतं. मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम घरांतल्या देण्याघेण्यातले बारीक फरकही त्याला ठाऊक असतात. घरात जाणती बाई उरली नसेल तर यादी त्याच्याकडून करून घ्यायला हरकत नाही. फक्त शेवटचा आकडा स्वतः ठरवा, कारण यादी वाढवण्यात त्याचं हित आहे.

यादी दुकानात बसण्याआधीच तीन दरांत वाटून न्या आणि आहेराच्या प्रत्येक शंभर नगांमागे पाच-सात जास्त धरा. ऐन मांडवात वाढणारी माणसं त्यात निभावतात.

साडी उलगडून मोजा. पाचवारी साडी साडेपाच मीटर आणि ब्लाउजपीस ऐंशी सेंटिमीटर, असे सव्वासहा-साडेसहाच्या आसपास भरायला हवेत. हलक्या आहेराच्या साड्या पाच मीटरच्याही निघतात. घडीत ते कळत नाही आणि नेसताना निऱ्या कमी पडतात. नऊवारी म्हणजे नऊ वार, सव्वाआठ मीटर. सुटे ब्लाउजपीस घेताना लांबीइतकाच पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, बघा: ४४ इंची पन्ह्यात ऐंशी सेंटिमीटर पुरतं, ३६ इंचीत कोपरापर्यंतची बाही हवी असेल तर मीटर लागतं. झब्ब्याचंही तेच. ३६ इंचीत जिथे साडेतीन मीटर लागतं तिथे ५८ इंचीत अडीचच्या आत भागतं. म्हणून मीटरचा दर ऐकून खूश होऊ नका, नगाचा हिशेब करा.

मंडळाचे झब्बे किंवा गणवेश यांत सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो लॉटचा, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या मालाचा. एकाच नंबरचा रंग पुढच्या लॉटमध्ये अर्ध्या छटेने बदलतो, आणि मिरवणुकीत दोनशे पोरांत मागाहून घेतलेले वीस झब्बे लांबून ओळखू येतात. सगळं कापड एकदम, एकाच लॉटमधून घ्या. गडद सुती कापडाचा कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालावर घासा. रंग उतरला तर ते ठाण सोडा. सुती कापड धुतल्यावर आटतं, तेव्हा मापात थोडी वाढ ठेवा किंवा भिजवून मग शिवायला द्या.

तयार शर्ट सुटे मागू नका. घाऊकात सेट असतो, एका रंगात एम, एल, एक्सेल, डबल एक्सेल असा, आणि तो फोडत नाहीत. टॉवेल, रुमाल, बनियन डझनावर. कापायच्या आधी ठाण उजेडात पसरून बघा: सुटलेला धागा, डाग, तिरकी छपाई. कात्री लागली की परतीचा विषय संपतो. बहुतेक ठिकाणी बदली मिळते, पैसे परत मिळत नाहीत. हे बिल करण्याआधीच विचारून घ्या.

बिल पक्कंच घ्या. ठाणाच्या कापडाला ५ टक्के जीएसटी. तयार कपड्यांना २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८. नवरदेवाचा सूट, लेहंगा घेताना हा फरक खिशाला चांगलाच जाणवतो. निपाणी-बेळगावकडे ५०,००० रुपयांवरचा माल न्यायचा असेल तर ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद, लागतं. ते दुकानातूनच काढून घ्या. गाडी हमरस्त्याला लागल्यावर आठवून उपयोग नाही.

बाजाराची भाषा ऐकण्यासारखी आहे. मालक फोनवर सिंधीत, सुरतेच्या पुरवठादाराशी हिंदीत, गिऱ्हाइकाशी ‘काय पायजे बोला की’ अशा अस्सल कोल्हापुरीत. चिकोडीचा दुकानदार कानडीत घासाघीस करतो आणि आकड्यांपुरतं उत्तर कानडीतच मिळतं.

उणीही आहेत. गल्ल्या अरुंद, त्यात दुपारी माल भरणारे टेंपो आडवे लागतात. चारचाकी बाहेर ठेवून चालत आलेलं बरं. स्वच्छतागृह सहज सापडत नाही, म्हाताऱ्या माणसांना आणायचं तर याचा आधी विचार करा. घाऊक दुकानात घालून बघायची सोय नसते, आणि दोनच साड्या घेणाऱ्याकडे गर्दीत कोणी लक्ष देत नाही. तशा खरेदीला कोल्हापुरातला महाद्वार रोडच बरा. दिवाळीआधीचे दोन आठवडे आणि तुळशीच्या लग्नानंतरचे रविवार टाळा.

सगळ्यात मोठं उणं मात्र गिऱ्हाइकाच्या बाजूचं आहे. सत्तरहून जास्त वर्षं त्यांनी आपल्या आहेराची यादी पाठ केली. आपल्याला त्यांचे दोन सणही धड सांगता येत नाहीत. थदडीला सिंधी घरात चूल पेटत नाही, आदल्या दिवशीच्या गोड पोळ्या, म्हणजे लोले, खातात, आपल्याकडच्या शिळासप्तमीसारखंच. चेटीचंड, म्हणजे सिंधी नववर्ष, चैत्र शुद्ध द्वितीयेचा, म्हणजे गुढीपाडव्याला लागूनच. २०२५ मध्ये तर दोन्ही एकाच दिवशी, ३० मार्चला आले. त्या दिवशी सिंध्यांचं दैवत झुलेलाल याचा बहराणो, म्हणजे पूजेच्या ताटाची मिरवणूक, निघतो, ताहिरी म्हणजे गोड भात वाटतात आणि पेठ बंद असेल हे धरूनच चालावं. तरी पाडव्याची सुट्टी जोडून आलेली कुटुंबं मिटलेल्या शटरसमोर ‘आज कसली सुट्टी?’ म्हणत उभी दिसतात. कॅलेंडरात पाडव्याच्या शेजारच्या चौकोनात ते बारीक अक्षरात छापलेलं असतं. बघून निघा.