लाकडी जमिनीला पीयू की तेल?

आमच्या माडीवरच्या दोन्ही खोल्यांत जुन्या सागाच्या फळ्यांची जमीन आहे. दोन वर्षांपूर्वी ती घासून घेतली, तेव्हा बाहेरच्या खोलीला पीयू आणि आतल्या खोलीला तेल असा घोळ मी मुद्दाम घातला. पॉलिशवाले काका हसले. "एकाच घरात दोन संसार कशाला?" म्हणाले. पण आता कोणी विचारलं तर निदान स्वतःच्या जमिनीवर उभं राहून सांगता येतं.

पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. त्याचा लाकडावर पातळ थर बसतो आणि आपण चालतो ते त्या थरावर. जवसाचं तेल किंवा मेण मिसळलेलं हार्डवॅक्स ऑइल लाकडात मुरतं, वर जवळजवळ काही उरत नाही. पुढचे सगळे फायदे-तोटे इथूनच निघतात.

रोजच्या वापराला पीयू बिनघोर. चहा सांडला, पुसला, झालं. मावशींना दोनच गोष्टी सांगाव्या लागल्या: फडकं घट्ट पिळायचं आणि फिनाइल नको. तेलाच्या खोलीत मात्र ओला तांब्या अर्धा तास राहिला तर गोल ठसा उमटतो. तांब्या लोखंडी असेल तर तो ठसा काळा पडतो, कारण लाकडातलं टॅनिन आणि लोखंड यांचं पाण्यात जुळतं.

खरी गंमत दुरुस्तीत आहे. कपाट सरकवताना दोन्ही खोल्यांत ओरखडे गेले. आतल्या खोलीत बारीक पॉलिश पेपर लाकडाच्या रेषांच्या दिशेने हलकेच फिरवला, कापडाला थोडं तेल लावून चोळलं आणि जादाचं पुसून घेतलं. दुसऱ्या दिवशी ओरखडा शोधावा लागला. बाहेरच्या खोलीतली पांढरी रेघ अजून तशीच आहे. पीयूला ठिगळ लावलं तर त्याची कड दिसतेच, त्यामुळे हात द्यायचा तर सगळ्या खोलीला.

तो हात वेळेत द्यायला हवा. दाराजवळ, जिथे सर्वांत जास्त पाय पडतात तिथे, पाण्याचा एक थेंब टाका. मोत्यासारखा उभा राहिला तर थर शाबूत आहे. मुरून लाकूड गडद झालं तर थर संपलाय. थर नुसता निस्तेज असताना हलकं घासून वर एक हात चालतो. लाकूड उघडं पडून करडं झालं की घासायचं मशीन, धूळ आणि आठवडाभर पसारा. आणि पीयूवर चकाकीसाठी मेण कधीही लावू नका, पुढचा हात त्यावर धरत नाही.

सागाची एक खोड लक्षात ठेवा. त्याचं स्वतःचं तेल वर येतं, म्हणून पीयूआधी थिनरने पुसून घ्यावं लागतं. पीयूतही पाण्यावर आधारलेला घेतला तर काही तासांत वाळतो आणि रंग बदलत नाही. दुसरा, थिनरवर आधारलेला, पिवळसर होतो, वास बरेच दिवस रेंगाळतो.

पावसाळ्यापुढे दोघेही सारखेच. फळ्या फुगतात, उन्हाळ्यात फटी पडतात. त्या फटींत मे महिन्यात लांबी (पुट्टी) भरू नका, जुलैत फळ्या ती बाहेर ढकलतात.

घरात लहान मुलं असतील, पुसणारे हात दुसऱ्याचे असतील तर पीयूच घ्या. वर्षातून एखादा रविवार गुडघ्यांवर बसून जमिनीला द्यायची हौस असेल तर तेल, आणि मला स्वतःला तेच आवडतं. फक्त जवसाच्या तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ते आतून तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवा किंवा उघड्यावर सुटे पसरून वाळवा.

फ्लॅटमधली जमीन इंजिनिअर्ड लाकडाची, म्हणजे खाली प्लायवूडसारखे थर आणि वर खऱ्या लाकडाचा पातळ थर अशी, असेल तर काहीही ठरवण्याआधी वरच्या खऱ्या लाकडाच्या थराची जाडी विचारा. तो दोन मिलिमीटरचा असेल तर मशीनवाल्याला दारातूनच परत पाठवा.