पोटगी: कलम १४४ की घरगुती हिंसाचार कायदा?

एका वाचक ताईंचा प्रश्न: नवरा खर्चाला पैसे देत नाही, अर्ज कुठल्या कायद्याखाली करू?

पोटगीचं कलम १४४ म्हणजे आपलं फौजदारी प्रक्रिया संहितेतलं जुनं कलम १२५. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत गेलं. दुसरा पर्याय २००५ चा घरगुती हिंसाचार कायदा.

मागता काय येतं, इथेच खरा फरक आहे. १४४ मध्ये फक्त दरमहा रक्कम. पण ती मुलांना आणि म्हाताऱ्या आईवडिलांनाही मागता येते. २००५ च्या कायद्यात पोटगीशिवाय राहत्या घराचा हक्क, संरक्षण आदेश, नुकसानभरपाईही मिळते. मात्र हिंसाचार दाखवावा लागतो. पैशांची कोंडी हाही त्यात हिंसाचारच.

वेळ? कागदावर अंतरिम (निकाल लागेपर्यंतच्या) पोटगीला ६० दिवस. त्यावर फार विसंबू नका.

वसुलीत १४४ कडक: थकवल्यास वॉरंट, तुरुंगसुद्धा. फक्त थकबाकीचा अर्ज वर्षाच्या आत करा, हे बरेच जण विसरतात.

खर्चाची चिंता नको. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

दोन्ही अर्ज एकदम चालतात. पण सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानुसार एका अर्जात आधी मंजूर झालेली रक्कम दुसऱ्यात सांगावीच लागते, दुप्पट मिळत नाही.

घरातून काढलंय किंवा मारहाण होतेय, तर २००५ चा कायदा. वेगळ्या राहताय, फक्त खर्च हवाय किंवा घटस्फोट झालाय आणि पुन्हा लग्न केलेलं नाही, तर १४४.