गावाने स्वतः ठरवायचं की निवडून दिलेल्यांनी?

थेट लोकशाही, म्हणजे लोकांनी स्वतःच बसून निर्णय घेणं, म्हटलं की मला आधी गडचिरोलीतलं मेंढा लेखा हे गाव आठवतं. "दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही तिथलीच घोषणा. तिथे बहुमताने निर्णय होत नाही, सगळ्यांचं एकमत लागतं, कुणी नाही म्हणालं तर विषय पुढच्या बैठकीला, वेळ जातो पण एकदा ठरलं की कुणी मोडत नाही कारण ठरवणारा तोच आणि पाळणाराही तोच. 2009 मध्ये त्यांना जंगलावर सामूहिक वनहक्क, म्हणजे अख्ख्या गावाचा मिळून हक्क, मिळाला, 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने द्यायचा अधिकार पण मिळाला.

आता विधानसभा बघा, 288 आमदार आणि कोट्यवधी लोक. एवढ्या लोकांचं एकमत करायला बसलो तर बजेट कधी पास होणार? आणि खरं सांगायचं तर मेंढा लेखाला ज्या कायद्याने हक्क मिळाला तो 2006 चा वनहक्क कायदा संसदेनेच केला, म्हणजे प्रतिनिधींनी.

थेट मतदानातही अन्याय होतो हां. स्वित्झर्लंडमध्ये 1959 ला पुरुषांनी मत देऊन बायकांचा मताधिकार नाकारला, तो मिळायला 1971 उजाडलं!

तरी पाणी, जंगल, रस्ता हे गावानेच ठरवावं असं मला मनापासून वाटतं. आमच्याकडे ग्रामसभेत रजिस्टर फिरतं, लोक सह्या करतात आणि ठराव वाचायच्या आधीच निम्मे उठून जातात, मग पाच वर्षं आमदाराला शिव्या.