बाबांचा मृत्यू दाखला : आषाढ ते माघ वापरल्यानंतर

बाबा आषाढात गेले. आता माघ सुरू आहे. मधल्या काळात त्यांचा मृत्यू दाखला बँक, पोस्ट, विमा, सोसायटी, आरटीओ, गॅस एजन्सी, महावितरण आणि तलाठी अशा सगळ्या टेबलांवर ठेवून झाला. दाखला काढायचा कसा हे कोणीही सांगतो. तो हातात आल्यावर कुठे अडतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. बँकेतलं काम आत्ता कुठे मार्गी लागलं, तेव्हा सगळं डोक्यात ताजं असताना लिहून टाकतो.

नाशिकमध्ये दाखला मिळायला त्रास नाही, हे आधी सांगतो. मृत्यू जिथे झाला तिथेच नोंद होते. माणूस राहायला कुठे होता याला महत्त्व नाही. आमच्या ओळखीतले दिंडोरीचे एक कुटुंब गावच्या ग्रामपंचायतीत हेलपाटे घालत होतं, आणि मृत्यू झाला होता शहरातल्या रुग्णालयात. म्हणजे नोंद महापालिकेकडे. महापालिकेचे सहा विभाग आहेत : पूर्व, पश्चिम, पंचवटी, सातपूर, सिडको, नाशिकरोड. रुग्णालय ज्या विभागात येतं तिथे चौकशी करायची. देवळालीच्या कॅन्टोन्मेंट हद्दीतला मृत्यू असेल तर कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे. रुग्णालयात मृत्यू झाला तर कळवण्याची जबाबदारी रुग्णालयाची, घरी झाला तर कुटुंबप्रमुखाची, आणि मुदत 21 दिवसांची. घरी मृत्यू झाला असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि अमरधामची पावती जपून ठेवा. पहिली प्रत कायद्यानेच फुकट मिळते. आम्हालाही ती वेळेत मिळाली. क्यूआर कोड असलेला, मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांतला स्वच्छ छापलेला कागद.

आणि त्या कागदावर बाबांच्या इंग्रजी नावात एक ‘ए’ कमी होता.

मराठीत ‘पुंडलिक’ अगदी बरोबर. इंग्रजीत ‘डी’ आणि ‘एल’ यांच्या मधला ‘ए’ गायब. आधार, पॅन, पासबुक, तिन्हीकडे तो आहे. गॅस एजन्सीने पाहिलंही नाही. महावितरणने नाव बदलून दिलं. आरटीओत आईच्या नावावर स्कूटर झाली. बाबांच्या मुदत ठेवी असलेल्या बँकेने मात्र दाखला परत केला. आई नॉमिनी, चाळीस वर्षांचं खातं, शाखेतला निम्मा स्टाफ बाबांना चेहऱ्याने ओळखणारा. तरी उत्तर एकच, नाव जुळत नाही. मी मराठी नावावर बोट ठेवून दाखवलं. त्यांनी संगणकाकडे बोट दाखवलं, तिथे इंग्रजीच नाव आहे म्हणाले. त्या एका अक्षरापायी आईच्या ठेवीचं व्याज महिनोन्‌महिने अडून राहिलं. घरात दुसरं उत्पन्न नसतं तर काय केलं असतं, हा विचार अजून जात नाही.

हा ‘ए’ कुठे गळाला ते मी मागे जाऊन शोधलं. रुग्णालयाच्या काउंटरवर माझ्या चुलतभावाकडून एक कच्चा फॉर्म भरून घेतला होता, मराठीत. त्याने नाव बरोबर लिहिलं होतं. पुढे तिथल्या माणसाने संगणकात इंग्रजी नाव टाकलं ते ऐकल्यासारखं. आधारची झेरॉक्स त्याच फाइलला टाचलेली होती. मृत्यूची माहिती देताना आधार क्रमांकही मागतात. क्रमांक घ्यायचा आणि त्यावरचं नाव बघायचं नाही, याला काय म्हणावं? सगळ्यात चीड याची, की रुग्णालयाकडून निबंधकाकडे, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाणारं ते पत्रक, नमुना 2, घरच्यांना कोणी दाखवत नाही. बिल दाखवतात, प्रत्येक हातमोज्याचा हिशेब दाखवतात. ज्या कागदावर पुढची सगळी कामं उभी राहणार, तो मात्र परस्पर जातो.

म्हणून या अख्ख्या लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या. मृतदेह ताब्यात घेताना घरातल्या एखाद्या शांत डोक्याच्या माणसाला त्या काउंटरवर उभं करा. नमुना 2 मध्ये भरलेलं नाव संगणकाच्या पडद्यावर बघायला मागा, मराठीही आणि इंग्रजीही, आधारशी अक्षर न्‌ अक्षर लावून. पती किंवा पत्नीचं नाव, आई-वडिलांचं नाव, पत्ता, तारीख हेही बघा. ज्याचं दुःख सगळ्यात मोठं त्याला हे जमणार नाही. जावई, भाचा, शेजारी, कोणीही चालेल.

आता माझं मत बदललं ते सांगतो. मी महापालिकेच्या विभागीय कार्यालयात गेलो तो भांडायच्या तयारीने. एका अक्षराची दुरुस्ती, दोन मिनिटांत नवा कागद छापून द्या, असं माझं म्हणणं. खिडकीवरच्या ताईंनी मला बसवलं आणि समजावलं, की दाखला ही रजिस्टरची नक्कल आहे. नक्कल दुरुस्त होत नाही, रजिस्टर दुरुस्त होतं. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाचं कलम 15 त्यासाठी आहे, आणि त्यातही मूळ नोंद खोडता येत नाही. समासात दुरुस्ती लिहून निबंधकाने तारखेसह सही करायची. लेखनाची चूक असेल तर कागदपत्रं बघून निबंधक स्वतः करू शकतो. मजकुरातलीच चूक असेल, म्हणजे व्यक्तीच वेगळी वाटावी इतकी, तर वस्तुस्थिती माहीत असलेल्या दोन विश्वासू माणसांचं निवेदन लागतं. घरी येऊन विचार केला तेव्हा पटलं. मृत्यूची नोंद खिडकीवर सांगितली म्हणून बदलता आली असती, तर या जिल्ह्यात जमिनीच्या किती फाइली उलट्यापालट्या झाल्या असत्या! अर्ज, आईचं निवेदन, आधार, पॅन आणि रुग्णालयाचं चूक मान्य करणारं पत्र एवढं लागलं. त्यातलं शेवटचं मिळवायलाच जास्त वेळ गेला. रुग्णालयाला ते पत्र म्हणजे कबुलीजबाब वाटत होता. ताईंनी मात्र पत्रात काय लिहून आणायचं ते कच्चं लिहून दिलं, आणि पत्र आल्यावर काम अडवलं नाही. त्यांच्याबद्दल मनात जे घेऊन गेलो होतो ते मी मागे घेतो.

याच काळात बाहेर एका एजंटाने दोन हजार मागितले, ‘लगेच करून देतो’ म्हणून. जे काम निबंधकाच्या सहीशिवाय होत नाही ते हा काय करून देणार? अर्ज आपणच लिहा, पोच घ्या. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 नुसार अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली असते आणि उशीर झाला तर अपील करता येतं. पोचच नसेल तर अपील कशावर करणार?

विमा कंपनीकडे आणखी एक गोंधळ. त्यांना मृत्यूचं कारण हवं होतं, आणि ते दाखल्यावर नसतं. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाच्या कलम 17 प्रमाणे कारण नक्कलेत देताच येत नाही. ते डॉक्टरांच्या वेगळ्या प्रमाणपत्रावर असतं, आणि या कायद्यातल्या 2023 च्या दुरुस्तीनंतर त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची असते, मोफत. आम्हाला ती मिळाली नव्हती, मागितल्यावर दिली. रुग्णालयातून निघतानाच मागा.

गावाकडच्या जमिनीसाठी दुसरा दाखला लागला, आजोबांचा. निफाड तालुक्यात आमचं गाव. सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव, कारण बाबा आणि काका दोघांनीही वारस नोंद आज करू, उद्या करू म्हणत आयुष्य काढलं. आजोबा गेले ते ऐंशीच्या दशकात. नक्की साल कोणालाच आठवेना. काका म्हणत मोठ्या आत्याच्या लग्नाआधी, आई म्हणत नंतर. ग्रामपंचायतीतल्या भाऊसाहेबांनी (ग्रामसेवकांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण गावात भाऊसाहेबच) दोन सालांच्या वह्या बघितल्या. नाही मिळालं. नोंदच नसेल तर अनुपलब्धतेचं प्रमाणपत्र घ्यायचं आणि उशिराच्या नोंदीच्या रस्त्याने जायचं. एक वर्ष उलटून गेलेल्या मृत्यूला पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागे. आता जिल्हाधिकारी, प्रांत किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा लागतो. म्हाताऱ्या काकांना घेऊन ते सगळं करायचं म्हटल्यावर मला धडकी भरली होती.

तेव्हा काकांना रामकुंड आठवला. आजोबांच्या अस्थी घेऊन दोघे भाऊ आमच्या उपाध्यांकडे आले होते. ते उपाध्ये नाहीत आता, पण नातवाने वही काढली, गाव आणि आडनावावरून पान उघडलं, आणि त्यावर बाबांची सही! वयाच्या तिशीतली, तरणीताठी सही. मला तिथे पायरीवर बसावं लागलं. वर तिथी होती, मार्गशीर्ष वद्य. पंचांगावरून तारीख निघाली डिसेंबरच्या अखेरची. ही वही सरकारी पुरावा नाही, पण कुठे शोधायचं ते तिने सांगितलं. भाऊसाहेबांनी पुढच्या सालाची वही उघडली आणि जानेवारीतच नोंद सापडली. मृत्यू डिसेंबरातला, कळवला जानेवारीत. तेव्हा जुनी नोंद ‘नाही’ म्हणाले तर आधीचं आणि पुढचं साल बघायला लावा. जन्म-मृत्यू नोंदणीचा हा कायदा महाराष्ट्रात 1 एप्रिल 1970 पासून लागू आहे. त्याआधीच्या गावच्या नोंदींसाठी गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक, तहसीलच्या अभिलेख कक्षात विचारा.

पुण्याला राज्याच्या कार्यालयात जा, असाही सल्ला मला मिळाला होता. गेलो नाही ते बरं झालं. पुण्याहून राज्यभराच्या नोंदणीवर देखरेख होते. आपली नोंद असते ती स्थानिक निबंधकाच्या रजिस्टरात, आणि नक्कलही तिथूनच मिळते.

प्रतींबद्दल. मी काटकसरी माणूस आहे, तरी सांगतो, इथे हात आखडू नका. पहिली फुकट मिळते तेव्हाच शुल्क भरून आणखी चार-पाच घ्या, शुल्क किरकोळ असतं. मात्र त्याआधी नाव तपासा. आमच्या जादा घेतलेल्या सगळ्या प्रती बिन-‘ए’च्या निघाल्या आणि दुरुस्तीनंतर पुन्हा पैसे भरावे लागले. कोणी मूळ प्रत ठेवून घ्यायला लागलं तर आधी क्यूआर स्कॅन करून बघा म्हणावं. आरटीओने तेवढ्यावर काम केलं, विमा कंपनीने मूळच ठेवून घेतली.

दुरुस्त दाखल्यावर बँकेने ठेवी आईच्या नावे केल्या. अडलेलं व्याजही जमा झालं, हे खरं. शाखेत कोणी ‘उशीर झाला’ एवढंही म्हणालं नाही, ते मात्र मला लागलं.

आता दोन्ही दाखले तलाठ्यांकडे आहेत. वारस नोंदीचा फेरफार धरला गेला आहे, चावडीवर नोटीस लागली आहे. 15 दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतील. काकांना रोज सकाळी फोन करून विचारतो.