समर ऑफ कोड, आउटरीची की एलएफएक्स: अर्ज कुठे करायचा?

मेंटॉरच्या (मार्गदर्शकाच्या) हाताखाली ओपन सोर्सचं, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरचं, काम शिकायचं ठरवलं की इंजिनिअरिंगचे विद्यार्थी आधी स्टायपेंड विचारतात. माझं म्हणणं, आधी कॉलेजचं वेळापत्रक काढा. परीक्षा, सबमिशन आणि ओरल्स नेमक्या कधी येतात यावर बरंच काही ठरतं.

गूगल समर ऑफ कोड हा असं काम मानधनासह शिकवणारा गूगलचा उपक्रम २००५ पासून चालू आहे. २०२२ पासून त्याला विद्यार्थी असण्याची अट राहिली नाही. वय १८ पूर्ण हवं आणि ओपन सोर्समध्ये तुम्ही नवखे असायला हवं. प्रपोजल (काय काम करणार याचा प्रस्ताव) मार्च-एप्रिलमध्ये द्यायचं, काम साधारण जूनपासून. प्रोजेक्ट ९०, १७५ किंवा ३५० तासांचे असतात आणि मेंटॉर तयार असेल तर मुदत २२ आठवड्यांपर्यंत ताणता येते. ज्यांची परीक्षा मे संपून जूनमध्ये घुसते त्यांना ही मोकळीक फार उपयोगी पडते. मानधन देशानुसार ठरतं आणि भारताचा आकडा तळाच्या गटात आहे.

आउटरीची ही ओपन सोर्समधली इंटर्नशिप सगळ्या देशांत सारखेच ७,००० डॉलर देते. पण ते सर्वांसाठी नाही. आपल्या देशातल्या तंत्रज्ञान क्षेत्रात ज्यांना भेदभाव सोसावा लागतो, ज्यांची संख्या कमी आहे, त्यांच्यासाठी तो उपक्रम आहे. सुरुवातीच्या अर्जात यावर निबंधवजा उत्तरं लिहावी लागतात. ती मनापासून, स्वतःच्या अनुभवातून लिहा. जात, लिंग, गाव, भाषा यांमुळे आलेल्या अडचणी लिहायला संकोच वाटतो, पण इथे नेमकं तेच विचारलेलं असतं. त्यापुढचा टप्पा मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो: महिनाभर प्रत्यक्ष प्रोजेक्टमध्ये काम करून दाखवायचं आणि निवड त्यावरून व्हायची. इंग्रजी सफाईदार नसलेल्या पण कोड नीट वाचणाऱ्या मुलीला इथे खरी संधी मिळते.

अडचण वेळेची आहे. आठवड्याला ३० तास, सुमारे तीन महिने. शिवाय विद्यार्थ्यांना इंटर्नशिपच्या काळात सलग काही आठवडे कॉलेजच्या पूर्णवेळ कामातून मोकळे असणं दाखवावं लागतं. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना मे ते ऑगस्टचीच फेरी खुली असते. डिसेंबरची दक्षिण गोलार्धातल्यांसाठी. तुमचं पुढचं सेमिस्टर जुलैत सुरू होत असेल तर दिवस मोजूनच अर्ज करा.

आणि एक नियम फार थोड्यांना ठाऊक असतो. समर ऑफ कोडमध्ये एकदा निवड होऊन काम केलं की आउटरीचीचा दरवाजा बंद होतो. म्हणून आउटरीचीला पात्र असाल तर तिथे आधी प्रयत्न करावा, असं मला ठामपणे वाटतं.

एलएफएक्स म्हणजे लिनक्स फाउंडेशनची मेंटॉरशिप. वर्षातून तीन फेऱ्या, पूर्णवेळ असेल तर १२ आठवडे. मानधन देशानुसार ३,००० ते ६,६०० डॉलर. कुबर्नेटीससारख्या क्लाउडच्या जगातले प्रोजेक्ट इथे भरपूर. डॉकर, लिनक्स, गो ही प्रोग्रामिंगची भाषा यांत हात बसलेला असेल तर उत्तम, पण पहिल्यांदाच पुल रिक्वेस्ट (आपला कोड प्रोजेक्टमध्ये घ्यावा अशी विनंती) पाठवणाऱ्याने इथून सुरुवात करू नये.

महाराष्ट्रातल्यांनी आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाची समर फेलोशिपही बघावी. ई-सिम, ओस्डॅग अशी अभियांत्रिकीची सॉफ्टवेअर तिथे घडतात आणि निवडीसाठी आधी स्क्रीनिंग टास्क देतात. इलेक्ट्रॉनिक्स किंवा सिव्हिलच्या मुलांना आपला विषय आणि कोड एकत्र करायला यासारखी जागा मिळणं अवघड.

उपक्रम कुठलाही असो, शेवटी प्रोजेक्ट निवडताना त्याला गिटहबवर स्टार (लोकांच्या पसंतीच्या खुणा) किती आहेत ते पाहू नका. मागच्या महिन्यात नवख्यांनी पाठवलेल्या पाच-सहा पुल रिक्वेस्ट उघडा आणि मेंटॉरने किती दिवसांत, कशा भाषेत उत्तर दिलं ते वाचा. समर ऑफ कोडच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षांचे प्रोजेक्ट दिसतात. तेव्हा निवडलेले लोक आजही तिथे कोड पाठवतात का, तेही तपासा. मोठ्या नावाच्या संस्थेत शंभर प्रपोजलांत तुमचं एक असतं. लहान संस्थेत, जिथे मेंटॉर दोन दिवसांत उत्तर देतो, तिथे डिसेंबरपासून छोटे बग सोडवत राहिलात तर मार्चपर्यंत तो तुम्हाला नावाने ओळखत असतो.