स्पर्धेला बसावं की थांबावं? तरुण पियानोवादकासमोरच्या दोन वाटा

माझी भाची एकोणीस वर्षांची, अमेरिकेत पियानो शिकते. दिवाळीत घरी आली होती, तेव्हा जेवताना ताईनं विषय काढला, "हिनं आता त्या मोठ्या स्पर्धांना बसावं, की शिकत राहून मिळतील ते कार्यक्रम करावेत?" भाची गप्प. ताटाच्या कडेवर तिच्या डाव्या हाताची बोटं तेच चार स्वर पुन्हा पुन्हा दाबत होती.

ताईला तेव्हा अर्धवट उत्तर दिलं. पुरं हे असं.

स्पर्धेची वाट डोळ्यांना दिसते, म्हणून ती सोपी वाटते. पोलंडमधल्या वॉर्साची शोपँ स्पर्धा पाच वर्षांनी येते, वय साधारण 16 ते 30. टेक्सासमधल्या फोर्ट वर्थची व्हॅन क्लायबर्न चार वर्षांनी. तिथे 2022 साली युनचान लिम हा कोरियन मुलगा अठराव्या वर्षी पहिला आला, त्या स्पर्धेचा सर्वांत तरुण विजेता. एक लाख डॉलर मिळाले, पण मला त्याहून मोलाची वाटते ती सोबतची तीन वर्षांची व्यवस्था: कार्यक्रम ठरवणारी, करार बघणारी माणसं. विशीतल्या मुलाला हे एरवी कोण देतं?

आता तिथे वाजवावं लागतं किती, ते बघा. पहिल्या फेरीत 40 मिनिटं एकट्यानं, दुसरीत आणखी 40, उपांत्य फेरीत 60 आणि वर मोझार्टचा एक कॉन्चेर्टो (वाद्यवृंदाच्या साथीनं वाजवायची मोठी रचना), अंतिम फेरीत असे आणखी दोन. लिमनं उपांत्य फेरीत लिस्टचे बाराच्या बारा ट्रान्सेंडेंटल एट्यूड (अतिशय अवघड अभ्यास-रचना) एका बैठकीत वाजवले, अंतिम फेरीत रखमानिनॉफचा तिसरा कॉन्चेर्टो. आपल्याकडे पियानोच्या परीक्षेची आठवी ग्रेड 'डिस्टिंक्शन'मध्ये सुटली की पेढे वाटतात. वाटावेत, पण ती परीक्षा वर्षभर घासलेल्या मोजक्या रचनांची असते. दोन्हींत अंतर आहे ते घरच्या गणपतीपुढच्या गाण्यात आणि सवाई गंधर्वच्या मंचावर.

जिंकण्याचा धोका हरण्याइतकाच खरा आहे. खुद्द व्हॅन क्लायबर्न 1958 साली मॉस्कोत चायकोव्हस्की स्पर्धा जिंकला तेव्हा 23 वर्षांचा होता. शीतयुद्ध ऐन भरात, न्यूयॉर्कमध्ये मिरवणूक निघाली. मग वर्षानुवर्षं लोक त्याच्याकडे तोच चायकोव्हस्की आणि तोच रखमानिनॉफ मागत राहिले, आणि 1978 मध्ये त्यानं मैफली थांबवल्या. उलट मॉरित्सिओ पोलिनी. तोही अठराव्या वर्षी, 1960 साली, शोपँ स्पर्धा जिंकला. पण आलेली बोलावणी बरीचशी बाजूला ठेवून तो पुन्हा अभ्यासाला बसला, आणि पुढे अर्धशतकाहून जास्त वाजवत राहिला. जिंकून थांबायची ही छाती सगळ्यांकडे नसते. घरच्यांकडे तर त्याहून नसते.

दुसऱ्या वाटेची तरफदारी करणारे लगेच येव्गेनी किसिनचं नाव घेतात. बाराव्या वर्षी, 1984 मध्ये, त्यानं मॉस्कोत शोपँचे दोन्ही कॉन्चेर्टो एका संध्याकाळी वाजवले आणि आयुष्यात स्पर्धेची पायरी चढला नाही. हे उदाहरण मी बाजूलाच ठेवते. अपवादावर घर बांधू नये.

लांग लांग आणि युजा वांग या पियानोवादकांचं उदाहरण जास्त कामाचं. 1999 साली शिकागोजवळच्या रविनिया महोत्सवात आंद्रे वॉट्स आजारी पडले आणि सतरा वर्षांच्या लांग लांगला त्यांच्या जागी चायकोव्हस्कीचा पहिला कॉन्चेर्टो वाजवायला बोलावलं. 2007 मध्ये बोस्टनला मार्था आर्गेरिच येऊ शकल्या नाहीत, तोच कॉन्चेर्टो युजा वांगनं वाजवला. वय वीस. नशीब म्हणायचं तर म्हणा. पण दोघंही फिलाडेल्फियाच्या कर्टिस या संगीतशाळेत गॅरी ग्राफमन यांच्याकडे शिकलेली, आणि फोन आला तेव्हा कॉन्चेर्टो बोटांत तयार होता. (कर्टिस 1928 पासून शिकवणीची फी घेत नाही. प्रवेश मिळवणं मात्र स्पर्धेहून सोपं नाही.)

या वाटेची खरी अडचण वेगळीच आहे: फोनची वाट बघायची तर कुठे बसून? मुंबईत 2006 पासून एनसीपीएचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, पण आसपास दुसरे दहा वाद्यवृंद नाहीत. पुण्यात बसलेल्या मुलीला उद्या संध्याकाळसाठी बोस्टनहून कोणी बोलावणार नाही. तिथे नसणाऱ्याला स्पर्धा हीच ओळख, हे मान्य करायला हवं.

आणि या वाटा वाटतात तितक्या वेगळ्या नाहीतच. सोंग-जिन चो 2015 ची शोपँ स्पर्धा जिंकला. दोन वर्षांनी लांग लांगचा डावा हात दुखावला आणि बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर रावेलचा जी मेजर कॉन्चेर्टो वाजवायला चो गेला. म्हणजे विजेत्यालाही तोच फोन लागला! त्याच 2015 च्या स्पर्धेत एरिक लू सतराव्या वर्षी चौथा आला, 2018 मध्ये इंग्लंडमधली लीड्सची स्पर्धा जिंकला आणि 2025 मध्ये वॉर्साला परत जाऊन पहिला आला. मधली दहा वर्षं हिशेबात धरा. पिओत्र अँडर्शेव्स्की तर 1990 साली लीड्सच्या उपांत्य फेरीत स्वतःचं वाजवणं न पटून मंचावरून उठून गेला. 2002 मध्ये त्याला गिलमोर पुरस्कार मिळाला, ज्याला अर्जच करता येत नाही. परीक्षक गुपचूप मैफली ऐकत फिरतात.

म्हणून माझा कौल वयावर नाही, बोटांत काय तयार आहे त्यावर. सव्विसाव्या वर्षी चार-पाच कॉन्चेर्टो पक्के असतील तर स्पर्धेला जरूर बसावं. पुढे वयाची अट आडवी येते. एकोणिसाव्या वर्षी एकदोनच असतील तर मोठ्या स्पर्धेची घाई नको. चुकून जिंकलात तर पुढच्या मोसमात वाजवाल काय?

भाचीला कागद दिला आणि म्हटलं, आठ दिवसांच्या नोटिशीवर वाजवू शकशील ते कॉन्चेर्टो लिही. तिनं बराच वेळ पेन चावलं. मग लिहिलं: मोझार्ट एक, बेथोव्हन एक, आणि चायकोव्हस्की "पहिल्या दोन मूव्हमेंट", म्हणजे तीनपैकी दोन भाग.

"म्हणजे अडीच," ताई म्हणाली आणि कागद फ्रिजवर लावून टाकला.